‘टी’ दिसला म्हणजे टेरिटरी नव्हे: अमेरिकेतल्या जुन्या टेरिटरींचे टपालशिक्के जमवताना या चुका टाळा

माझ्यासमोर टेबलावर एक बदामी लिफाफा आहे. उजव्या कोपऱ्यात जॉर्ज वॉशिंग्टनचं चित्र असलेलं तीन सेंटचं हिरवं तिकीट, शेजारी काळ्या शाईचा गोल शिक्का. शिक्क्यात वरच्या कडेने ‘बॉइसी सिटी’, खाली ‘आय. टी.’, मधे महिना आणि तारीख. वर्ष नाही. मला हा लिफाफा एका प्रदर्शनात, विक्रेत्याच्या खोक्यातल्या ‘इंडियन टेरिटरी’ अशी चिठ्ठी लावलेल्या कप्प्यात मिळाला. बॉइसी आयडाहोत आहे. म्हणजे ही ‘आय. टी.’ आयडाहो टेरिटरी. चिठ्ठी लावणाऱ्याने दोन अक्षरं वाचली आणि गावाचं नाव सोडून दिलं.

अमेरिकेच्या पश्चिमेचा बराचसा भाग एकदम राज्यं म्हणून संघराज्यात आला नाही. आधी त्या मुलखाची टेरिटरी व्हायची, गव्हर्नर राजधानी वॉशिंग्टनहून नेमला जायचा, आणि वस्ती वाढली की राज्याचा दर्जा मिळायचा. त्या मधल्या काळात तिथल्या पोस्टातून निघालेलं पत्र म्हणजे टेरिटरी कव्हर. खाणीवरच्या मजुराने घरी पाठवलेलं, किल्ल्यावरच्या शिपायाने आईला लिहिलेलं, दुकानदाराने पूर्वेकडच्या घाऊक व्यापाऱ्याकडे मागणी नोंदवलेलं. ही पत्रं हातात घेतली की अंगावर काटा येतो, आणि नेमक्या त्याच क्षणी आपण घाईने चूक करतो. माझ्या अनुभवात या छंदात पैसे बुडतात ते बनावट मालापेक्षा अर्धवट वाचलेल्या लिफाफ्यांमुळे जास्त.

आद्याक्षरांवर विसंबू नका

‘आय. टी.’ निदान तीन आहेत. आयोवा टेरिटरी १८३८ ते १८४६, आयडाहो १८६३ ते १८९०, आणि १९०७ पर्यंतची, आजच्या ओक्लाहोमातली इंडियन टेरिटरी. ‘डब्ल्यू. टी.’ही तीन: विस्कॉन्सिन (१८३६–४८), वॉशिंग्टन (१८५३–८९) आणि वायोमिंग (१८६८–९०). ‘एम. टी.’ म्हणजे मुख्यतः १८३७ पर्यंत मिशिगन, १८४९ ते १८५८ मिनेसोटा, १८६४ ते १८८९ मोन्टाना. ‘ओ. टी.’ ऑरेगनचीही असते आणि ओक्लाहोमाचीही.

सोडवायचं कसं? आधी गावाचं नाव, मग तिकीट. अमेरिकेची पहिली तिकिटं १ जुलै १८४७ ला निघाली. आयोवा त्याआधीच, २८ डिसेंबर १८४६ ला राज्य झालं होतं. म्हणजे टपालखात्याचं तिकीट लावलेला कोणताही ‘आय. टी.’ लिफाफा आयोवा टेरिटरीचा असूच शकत नाही. आयडाहो ३ जुलै १८९० ला राज्य झालं, त्यामुळे १८९५ सालच्या तिकिटावर ‘आय. टी.’ दिसली तर ती बहुधा इंडियन टेरिटरी. ‘एम. टी.’वर १८५०च्या दशकातलं तीन सेंटचं विटकरी तिकीट असेल तर मिनेसोटा. १८६१ नंतरचं गुलाबी किंवा १८७० नंतरचं हिरवं असेल तर मोन्टाना. इतकं सोपं आहे, पण विकत घेताना दोन मिनिटं थांबावं लागतं.

उलटी चूकही होते. शिक्क्यात ‘टी’ नाही म्हणून चांगला लिफाफा हातातून सुटतो. ‘सॉल्ट लेक सिटी, युटाह’ असा साधा शिक्का असला तरी युटाह ४ जानेवारी १८९६ पर्यंत टेरिटरीच होतं. त्याच्या आधीचं पत्र टेरिटरीचंच. आणि नावातल्या साम्याने फसू नका: नेवाडा सिटी कॅलिफोर्नियात आहे, ऑरेगन नावाचं गाव मिसूरीत आणि वायोमिंग नावाचं पेनसिल्व्हेनियात.

आजचा नकाशा बाजूला ठेवा

डेन्व्हर म्हटलं की आपल्याला कोलोरॅडो आठवतं. पण कोलोरॅडो टेरिटरी २८ फेब्रुवारी १८६१ ला झाली. त्याआधी डेन्व्हर सिटी कॅन्सस टेरिटरीत होतं, आणि तिथल्या सुरुवातीच्या शिक्क्यांत ‘के. टी.’ असतं. नवा संग्राहक तो शिक्का पाहून गोंधळतो, किंवा चुकीचा म्हणून बाजूला टाकतो. मधला एक महिना तर फारच गमतीचा आहे: कॅन्सस २९ जानेवारी १८६१ ला आखूड सीमेसह राज्य झालं, आणि कोलोरॅडो होईपर्यंत डेन्व्हर कुठल्याच टेरिटरीत नव्हतं. त्या चार आठवड्यांतलं पत्र कोणाकडे असेल तर त्याने ते नीट जपावं.

आजच्या वायोमिंगमधलं शायान १८६७ मध्ये रेल्वेबरोबर उभं राहिलं, तेव्हा तो भाग डकोटा टेरिटरीत होता. आजच्या वॉशिंग्टन राज्यातलं ऑलिंपिया १८५३ च्या मार्चपर्यंत ऑरेगन टेरिटरीत. आणि सगळ्यात घोळ घालणारं नाव व्हर्जिनिया सिटी. एक व्हर्जिनिया सिटी आजच्या नेवाडात: आधी युटाह टेरिटरी, २ मार्च १८६१ पासून नेवाडा टेरिटरी, ३१ ऑक्टोबर १८६४ पासून राज्य. दुसरी आजच्या मोन्टानात: १८६३ मध्ये सोन्याच्या शोधात वसली तेव्हा आयडाहो टेरिटरी, २६ मे १८६४ पासून मोन्टाना. एका नावाच्या दोन गावांचे चार टेरिटरींचे शिक्के. मी प्रत्येक टेरिटरीच्या सुरुवातीची आणि शेवटची तारीख एका पुठ्ठ्यावर लिहून खिशात ठेवतो. फोनमध्ये शोधत बसण्यापेक्षा ते लवकर होतं.

वर्ष नसेल तर अंदाज लावू नका, शोधा

त्या काळच्या बऱ्याच शिक्क्यांत वर्ष नसतं. त्यातून छोट्या गावांतले पोस्टमास्तर शिक्का स्वतःच्या पैशाने घ्यायचे, त्यामुळे टेरिटरीचं राज्य झालं म्हणून दुसऱ्या दिवशी कोणी नवा शिक्का करून घेत नव्हतं. जुना झिजेपर्यंत चालायचा. म्हणून ‘के. टी.’ असलेल्या लिफाफ्यावर तीन सेंटचं गुलाबी तिकीट दिसलं तर थांबा. ते तिकीट १८६१ च्या ऑगस्टमध्ये आलं. कॅन्सस जानेवारीतच राज्य झालं होतं. हा लिफाफा खोटा नाही, पण टेरिटरीचाही नाही. राज्य झाल्यावर जुनाच शिक्का वापरल्याचा तो नमुना आहे, आणि त्याची किंमत वेगळी ठरते. विक्रेता टेरिटरीचा भाव सांगत असेल तर तिकिटाकडे बोट दाखवा.

१८६१ मध्ये यादवी युद्धामुळे आधीची सगळी तिकिटं रद्द केली गेली. दक्षिणेकडच्या पोस्टांतला साठा बंडखोरांना विकता येऊ नये हे कारण. तारीख ठरवायला हा मोठा आधार आहे. शिवाय लिफाफ्याची मागची बाजू, आतलं पत्र, आणि कडेला पत्र मिळाल्यावर मालकाने केलेली टीप. वर्ष बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

टपालाचा दर जुळतो का?

हे बहुतेक जण बघतच नाहीत, आणि मला वाटतं खरी परीक्षा इथेच आहे.

१ जुलै १८५१ पासून अर्ध्या औंसाच्या पत्राला, आधी भरलं तर, तीन हजार मैलांपर्यंत तीन सेंट आणि त्यापलीकडे सहा सेंट. पैसे न भरता टाकलं तर पाच आणि दहा. १ एप्रिल १८५५ पासून आधी भरणं सक्तीचं झालं आणि लांबच्या पत्राचा दर दहा सेंट झाला. १ जुलै १८६३ ला अंतराचा हिशोबच संपला, देशभर तीन सेंट. १ ऑक्टोबर १८८३ ला दोन सेंट.

आता समजा, ऑरेगन टेरिटरीतून १८५७ साली न्यूयॉर्कला गेलेलं पत्र तुमच्यासमोर आलं आणि त्यावर तीन सेंटचं एकच तिकीट आहे. दर दहा सेंटचा होता. मग उरलेले सात सेंट कुठे गेले? एक तर बाकीची तिकिटं गळून पडली आहेत, नाहीतर मूळ दहा सेंटचं हिरवं तिकीट काढून कोणीतरी त्या जागी स्वस्तातलं चिकटवलं आहे. अशा वेळी भिंग घेऊन तिकिटाची कड बघा. तिकीट पुन्हा वापरता येऊ नये म्हणून पोस्टात मारलेली काळी रेघ तिकिटावरून खाली कागदावर सलग उतरली पाहिजे. ती कडेला तुटत असेल, किंवा तिकिटाभोवती जुन्या डिंकाची वेगळ्याच आकाराची पिवळट चौकट दिसत असेल, तर लिफाफा परत ठेवा.

हाताने लिहिलेले शिक्के

छोट्या पोस्टांत शिक्काच नसायचा. पोस्टमास्तर पेनाने गावाचं नाव आणि तारीख लिहायचा, आणि तिकिटावर फुली मारायचा. सगळ्यात दुर्मिळ गावं अशीच सापडतात, आणि बनवाबनवीही इथेच सर्वांत सोपी. बिनशिक्क्याचा स्वस्त जुना लिफाफा घ्यायचा, आणि त्यावर बंद पडलेल्या पोस्टाचं नाव लिहायचं.

काही वर्षांपूर्वी कॅन्सस टेरिटरीतल्या एका छोट्या पोस्टाचा असा लिफाफा मी घेतला. अक्षर सुंदर, शाई तपकिरी, किंमत जरा जास्तच. घरी आल्यावर दहापट भिंगाखाली पाहिलं. लिफाफ्याला मधोमध जुनी उभी घडी होती आणि गावाच्या नावातलं एक अक्षर त्या घडीवरून गेलं होतं. घडीपाशी शाई दोन्ही बाजूंना बारीक मुळांसारखी पसरली होती. घडी पडून कागदाचे तंतू तुटले की त्यावर नंतर लिहिलेली शाईच अशी फुटते. लिहिल्यावर घडी पडली असती तर रेघ स्वच्छ राहून फक्त मोडली असती. म्हणजे लिफाफा घडी पडून जुना झाल्यावर कोणीतरी ते नाव लिहिलं होतं. परतीची मुदत तोवर उलटून गेली होती. मी तो लिफाफा फेकला नाही. नवीन माणसाला शिकवायला तो ठेवला आहे.

तेव्हापासून मी आणखी दोन गोष्टी बघतो. पत्ता आणि शिक्का यांचं अक्षर सारखं असेल तर शंका घ्यायची, कारण पत्ता लिहिणारा एक आणि पोस्टमास्तर दुसरा असतो. आणि ते पोस्ट त्या तारखेला उघडं होतं का, हे तपासायचं. पोस्टमास्तरांच्या नेमणुकांच्या जुन्या नोंदी वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. पोस्ट सुरू व्हायच्या आधीची तारीख असेल तर पुढे काही बघायची गरज नाही.

महाग लिफाफ्याला प्रमाणपत्र मागा. न्यूयॉर्कची फिलाटेलिक फाउंडेशन आणि पेनसिल्व्हेनियात बेलफोंटला असलेली अमेरिकन फिलाटेलिक सोसायटी ही कामं करतात. प्रमाणपत्रावरचा फोटो हातातल्या लिफाफ्याशी डागांसकट जुळवा, आणि ते कधीचं आहे तेही बघा. ते तज्ज्ञांचं मत असतं, आणि नवी माहिती आली की मत बदलतं.

सगळंच दुर्मिळ नसतं

सॉल्ट लेक सिटी किंवा डेन्व्हरसारख्या मोठ्या पोस्टातलं १८७०च्या दशकातलं पत्र जुनं असतं, पण दुर्मिळ नसतं. ॲरिझोना आणि न्यू मेक्सिको १९१२ पर्यंत टेरिटरीच होत्या, त्यामुळे तिथून गेलेली चित्र-पोस्टकार्डं भरपूर मिळतात. सुरुवात तिथूनच करावी असं मी सांगेन. शिक्क्यात बहुतेक वेळा वर्ष असतं, किंमत झेपते, आणि गावं शोधायची सवय लागते. दुर्मिळपणा ठरतो तो पोस्ट किती दिवस चाललं आणि तिथून किती टपाल गेलं यावर. खाण बंद पडली, वस्ती उठली, पोस्ट दोन वर्षांत मिटलं, अशा गावाचा फाटका लिफाफाही मोलाचा.

कापू नका, भिजवू नका, पुसू नका

तिकीट हवं म्हणून लिफाफ्याचा कोपरा कापणारे लोक आजही आहेत. शिक्क्याभोवती चौकोन कापून वहीत चिकटवणारेही आहेत. कापलं की दर गेला, पत्ता गेला, वाट गेली; उरतं ते एक गोल चिन्ह. असे चौकोन पाहून मला खरंच वाईट वाटतं. आतलं पत्र वेगळं विकू नका. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर कधीच नको. पीव्हीसीच्या पिशव्या काही वर्षांत चिकट होतात आणि शाई ओढून घेतात. पॉलिएस्टरच्या पाकिटात ठेवा. मुंबई-कोकणात संग्रह असेल तर पावसाळ्यात कपाट भिंतीला टेकवू नका, नाहीतर तांबूस बुरशीचे ठिपके आणि कसर ठरलेली.

आणि खोडरबर दूर ठेवा. पेन्सिलीने लिहिलेलं सगळंच दुकानदाराने टाकलेली किंमत नसते. बॉइसीच्या या लिफाफ्याच्या डाव्या कडेला, उभ्या ओळीत, पत्र मिळालेल्या माणसाने फिकट पेन्सिलीने टीप केली होती. कोणीतरी लिफाफा स्वच्छ दिसावा म्हणून ती घासली आहे. तिरक्या उजेडात धरला की महिना वाचता येतो, तारीख वाचता येते, वर्षातला सात दिसतो. त्याच्या पुढचा आकडा गेला आहे, आणि तिथे कागद पातळ झाला आहे.