मुंबईत छोटी गाडी घेताय? या चुका टाळा

शोरूम गाठण्याआधी मेजरिंग टेप घेऊन स्वतःच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उतरा. किंमत, मायलेज, फीचर्स सगळं बघून होतं आणि गाडी जागेत मावत नाही हे डिलिव्हरीनंतर कळतं. मुंबईत याच्याइतकी महागात पडणारी चूक दुसरी नाही.

गिरगाव, दादर, पार्ल्यातल्या पुनर्विकसित इमारतींत बऱ्याच ठिकाणी स्टॅक पार्किंग, म्हणजे गाड्या एकावर एक ठेवायची यंत्रणा, असतं. त्याच्या पॅलेटला, म्हणजे गाडी जिच्यावर उभी राहते त्या फळीला, उंचीची आणि वजनाची मर्यादा असते. मारुतीच्याच दोन गाड्या घ्या. वॅगन आरची उंची १६७५ मिलिमीटर, स्विफ्टची १५२०. मर्यादा १५५० ची असेल तर लांबीला छोटी असूनही वॅगन आर तिथे बसणार नाही. उलट, दोन पिलरांमधली चिंचोळी जागा वाट्याला आली असेल तर १६२० मिलिमीटर रुंदीची वॅगन आर बरी. स्विफ्ट १७३५ भरते. त्यात ब्रोशरमधल्या रुंदीत आरसे धरलेले नसतात, आणि दार उघडून माणसाला बाहेरही पडायचं असतं. पिलर ड्रायव्हरच्या बाजूला येतो का, हे तुम्हालाच बघावं लागेल. सेल्समन टचस्क्रीन दाखवण्यात गुंतलेला असतो.

सीएनजीचा हिशेब रोजच्या धावण्यावर करा. रोज ठाणे-बीकेसी करणाऱ्याला ती परवडते. फक्त रविवारी गाडी काढणाऱ्याने जास्तीचे पैसे मोजून पंपावर रिक्षा-टॅक्सींच्या मागे रांग कशाला लावायची? डिकीत सिलिंडर असतो, हे तर गणपतीला गावी निघताना बॅगा भरायला घेतल्यावरच आठवतं. दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्टही, म्हणजे पाण्याच्या दाबाने होणारी तपासणी, करून घ्यावी लागते.

ट्रॅफिकला कंटाळून स्वस्तातली ऑटोमॅटिक, म्हणजे एएमटी, जरूर घ्या. पण क्लचचं पेडल नसलं तरी आत क्लच असतोच. फ्लायओव्हरच्या चढावर अडकल्यावर अ‍ॅक्सिलरेटर किंचित दाबून गाडी धरून ठेवली की हा क्लच जळतो. करपल्यासारखा वास आला तर हेच कारण असण्याची शक्यता मोठी. चढावर ब्रेकच दाबून ठेवा, आणि हिल होल्ड (चढावर गाडी काही क्षण मागे घसरू न देणारी सोय) असलेलं मॉडेल मिळत असेल तर तेच घ्या.

ग्राउंड क्लिअरन्स (गाडीच्या तळाची जमिनीपासूनची उंची) जास्त, म्हणून हिंदमाता किंवा अंधेरी सबवेच्या पाण्यात गाडी घालू नका. पाणी इंजिनात एअर इनटेकमधून, म्हणजे हवा आत घेणाऱ्या वाटेने, शिरतं. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही, टो करूनच न्यायची. नाहीतर इंजिनातला कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साध्या विम्यात हा खर्च सहसा मिळत नाही. इंजिन प्रोटेक्शनचं अ‍ॅड-ऑन इथे चैन नव्हे. सेकंड हँड घेत असाल तर सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढून बघा. तळाच्या पट्ट्यावर चिखलाचा डाग दिसला, तर गाडी पाण्यात बुडालेली असू शकते; व्यवहार तिथेच थांबवा.

आता पैशांचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे, त्यामुळे त्याआधीचे आकडे मनात धरून बोलणी करू नका. ऑन-रोड कोटेशनची एकेक ओळ वाचा. ‘हँडलिंग चार्जेस’ दिसले तर सरळ काढायला सांगा, आणि विमा बाहेरून घेता येतो हेही ठणकावून सांगा.

पाडव्या-दसऱ्याच्या मुहूर्ताच्या घाईत उत्पादनाचा महिना बघायचा राहतो. तो, टायर आणि रंग नोंदणीआधीच तपासा. एकदा नंबर पडला की गाडी बदलून मिळणं जवळपास अशक्य.