जुन्या मोटारीचा धूर: रंग आणि वेळ पाहून दोष कसा ओळखावा

जुनी गाडी धूर सोडू लागली की बहुतेक ठिकाणी एकच निदान ऐकू येते: ‘इंजिन खोलावे लागेल.’ पुष्कळदा ते खरेही असते. परंतु पिस्टनच्या रिंगा बदलण्याचा खर्च आणि अडकलेली पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनात साचणारे वायू पुन्हा सिलिंडरकडे वळवणारी छोटी झडप) साफ करण्याचा खर्च यांत इतके अंतर असते, की गाडी गॅरेजात सोडण्यापूर्वी एक-दोन सकाळी आणि एखाद्या घाटाची फेरी या तपासणीसाठी खर्च करणे केव्हाही परवडते. येथे कार्ब्युरेटर असलेली, 796 सीसीची तीन सिलिंडरांची जुनी मारुती 800 डोळ्यांसमोर ठेवली आहे. मात्र बहुतेक सर्व जुन्या पेट्रोल गाड्यांना हीच पद्धत लागू पडते.

पहिली पायरी: धूर केव्हा येतो, ते लिहून ठेवणे

धुराच्या रंगाबद्दल सगळेच बोलतात, पण माझ्या मते रंगाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, त्याची वेळ बोलकी असते. गाडी रात्रभर उभी ठेवावी. सकाळी ती उघड्या जागेत न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावून चालू करावी आणि दुसऱ्या व्यक्तीला सायलेन्सरच्या मागे काही अंतरावर उभे करावे. बंद गॅरेजात हा प्रयोग कधीही करू नये, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास. पहिल्या अर्ध्या मिनिटात काय दिसले, इंजिन तापल्यावर काय दिसले, एक्सलेटर अचानक दाबल्यावर काय दिसले, आणि सिग्नलला दोन मिनिटे थांबून निघताना काय दिसले, या चार नोंदी कागदावर असाव्यात.

त्याच वेळी पांढऱ्या कागदाची परीक्षा करून घ्यावी. इंजिन गरम झाल्यावर कोरा कागद सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर अंतरावर मिनिटभर धरावा. त्यावर नुसते पाण्याचे थेंब पडून वाळले आणि मागे काही उरले नाही, तर ती वाफ आहे. कोरडी काजळी बसली, तर पेट्रोल जास्त जळत आहे. मात्र भजी ठेवलेल्या वर्तमानपत्रावर पडतात तसे तेलकट, वाळूनही न जाणारे डाग पडले, तर इंजिन ऑइल जळत आहे, याबद्दल फारशी शंका उरत नाही.

दुसरी पायरी: निळसर धुराचा उगम शोधणे

निळसर, जळक्या तेलाच्या वासाचा धूर म्हणजे इंजिन ‘ऑइल खात’ आहे. ते ऑइल सिलिंडरमध्ये वरून, म्हणजे व्हॉल्व्ह सीलमधून (व्हॉल्व्हच्या दांड्यावर ऑइल अडवणाऱ्या रबरी कडीतून) उतरते, की खालून, म्हणजे पिस्टनभोवतीच्या रिंगांमधून चढते, हा खरा प्रश्न आहे आणि खर्चाचा सगळा हिशेब त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे.

वरून उतरणाऱ्या ऑइलची खूण अशी, की सकाळी गाडी चालू करताच निळ्या धुराचा एक लोट निघतो आणि थोड्या वेळाने धूर जवळजवळ नाहीसा होतो. रबराची सीले वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक होतात आणि रात्रभर थेंबथेंब ऑइल व्हॉल्व्हच्या दांड्यावरून खाली झिरपते. खंबाटकीसारखा घाट उतरताना ही खूण आणखी स्पष्ट होते: गिअरमध्ये असताना एक्सलेटरवरून पाय काढला, की इन्टेक मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांकडे मिश्रण नेणाऱ्या नळीत) जोराची ओढ निर्माण होते, ती सैल सीलमधून ऑइल खेचते, आणि पायथ्याशी पुन्हा एक्सलेटर दाबताच मागच्या गाडीला निळा पडदा दिसतो. याउलट घाट चढताना, भार असताना धूर सतत येत राहिला आणि गाडीची ताकदही कमी झालेली जाणवली, तर संशय रिंगांवर आणि झिजलेल्या बोअरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, जातो.

माझ्या परिचयातील एका गृहस्थांना एका गॅरेजने इंजिन पूर्ण उतरवण्याचा सल्ला दिला होता. त्यांची गाडी मात्र केवळ सकाळी आणि उतार संपल्यावर धूर सोडत असे, चढाला एरवीसारखीच ओढत असे. शेवटी काम व्हॉल्व्ह सीलवर भागले. खालच्या ब्लॉकला हात लावावा लागला नाही.

मोठ्या कामाकडे वळण्यापूर्वी दोन फुकटच्या गोष्टी पाहाव्यात. सपाट जागी डिपस्टिक पुसून पुन्हा बुडवावी. ऑइल वरच्या खुणेच्या बरेच वर असेल, तर क्रँकशाफ्ट ते घुसळते आणि जादा ऑइल जळू लागते. तसेच पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून हलवावी. ती खुळखुळली नाही, तर ती चिकटली आहे असे समजावे. मग इंजिनात दाब साचतो आणि ऑइल नको त्या वाटेने बाहेर पडते.

तिसरी पायरी: कॉम्प्रेशन मोजून खात्री करणे

कॉम्प्रेशन म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये निर्माण होणारा दाब. तो मोजण्याचे काम मेकॅनिककडून करून घ्यावे, पण आपण शेजारी उभे राहावे. इंजिन गरम असावे, बॅटरी चार्ज असावी, सर्व प्लग काढलेले असावेत, इग्निशन कॉइलची जोडणी सोडवलेली असावी आणि एक्सलेटर पूर्ण दाबलेला असावा. प्रत्येक सिलिंडरला सारखेच फेरे देऊन गेजचा आकडा लिहून घ्यावा. एखाद्या सिलिंडरचा आकडा इतरांपेक्षा ठळकपणे कमी आला, तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजावे. आकडा चांगलाच वाढला, तर ऑइलने रिंगांची फट तात्पुरती बुजवली, म्हणजे दोष रिंगांत किंवा बोअरमध्ये आहे. वाढला नाही, तर दोष व्हॉल्व्हच्या बैठकीत किंवा हेड गॅस्केटमध्ये (ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांमधल्या पातळ पट्टीत) असतो. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी भरले, तर गॅस्केटच मधोमध फाटले असण्याची शक्यता अधिक. सील मात्र कॉम्प्रेशनमध्ये दिसत नाहीत. म्हणून तिन्ही आकडे चांगले आणि सकाळचा निळा लोट कायम, हा सीलच्या बाजूचा भक्कम पुरावा आहे. काढलेले प्लग क्रमाने मांडून ठेवायला सांगावे. ओला तेलकट प्लग कोणत्या सिलिंडरचा, हे त्यावरून लगेच कळते.

चौथी पायरी: पांढऱ्या धुराला घाबरावे की नाही, हे ठरवणे

थंडीतल्या सकाळी दिसणारा विरळ पांढरा धूर ही वाफ असते. एक लिटर पेट्रोल जळताना जवळपास तेवढेच पाणी तयार होते आणि थंड सायलेन्सरमध्ये ते साठते. इंजिन तापल्यावर ही वाफ थांबली, तर विषय संपला. गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर चालू राहिला आणि रेडिएटरचे पाणी बाहेर कोठेही न गळता कमी होत असेल, तर हेड गॅस्केटकडे पाहावे. कूलंट जळण्याचा गोडसर वास ही पुस्तकी खूण आपल्याकडे फसवते, कारण अनेक जुन्या गाड्यांत नुसते नळाचे पाणी भरलेले असते. त्याऐवजी इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचे झाकण काढून गाडी चालू करावी आणि पाण्यात सतत बुडबुडे येतात का, ते पाहावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. उसळणाऱ्या पाण्याने हात आणि तोंड भाजते. ऑइलच्या झाकणाखाली सायीसारखा थर दिसला, तरी पावसाळ्यात केवळ जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत तो बाष्पामुळेही जमतो. डिपस्टिकवरचे ऑइलही दुधाळ असेल, तेव्हाच गॅस्केटचा निष्कर्ष काढावा, आणि मग गाडी चालवत नव्हे, टो करून न्यावी.

पाचवी पायरी: काळा धूर आणि पीयूसीची पावती

काळा धूर हा तिघांत सर्वांत स्वस्त. एअर फिल्टर तुंबला आहे का, चोक अडकून राहिला आहे का, कार्ब्युरेटरचा फ्लोट (पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग) पेट्रोल जास्त सोडतो आहे का, या क्रमाने पाहावे. येथे पीयूसीची पावती उपयोगी पडते. बीएस-2 (भारत स्टेज-2 हे प्रदूषणाचे निकष) पूर्वीच्या चारचाकी पेट्रोल गाड्यांना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 3 टक्के आणि हायड्रोकार्बनची 1500 पीपीएम आहे. पहिला आकडा चढला असेल, तर मिश्रणात पेट्रोल जास्त आहे. पहिला ठीक आणि दुसराच चढला असेल, तर एखादा प्लग नीट पेटत नाही किंवा ऑइल जळत आहे.

डिझेल गाडीत भाराखाली थोडा काळा धूर येणे जुनेच आहे. पण वरील ऑइल टाकण्याची चाचणी डिझेल इंजिनावर करू नये, कारण त्याच्या ज्वलनकक्षात जागा फारच कमी असते आणि ऑइल दाबले जात नसल्याने इंजिनाला इजा होऊ शकते.

दुरुस्तीनंतर पहिल्याच दिवशी धूर दिसला म्हणून मेकॅनिकशी भांडू नये. सायलेन्सरमध्ये आधी साठलेले ऑइल जळून जायला वेळ लागतो. ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरून किलोमीटरचा आकडा लिहावा आणि 500 किलोमीटरनंतर, त्याच जागी, सकाळी इंजिन थंड असतानाच डिपस्टिक पुन्हा पाहावी.