लिंक्ड लिस्टने रडवलं, चौकटीच्या वहीने सोडवलं

बडोद्यात दांडिया बाजारात आत्याकडे राहून मी इंजिनीअरिंग करत होतो. तिसऱ्या सत्रात सी भाषेत डेटा स्ट्रक्चर्स (माहिती मेमरीत रचून ठेवण्याच्या पद्धती) आलं आणि पहिल्या चाचणीत 30 पैकी 7 गुण पडले. फळ्यावरचं सगळं कळायचं. लॅबमध्ये मात्र लिंक्ड लिस्टची (प्रत्येक कप्प्यात, म्हणजे नोडमध्ये, पुढच्या नोडचा पत्ता असलेली साखळी) मेमरी मोकळी करायला गेलो की 'सेगमेंटेशन फॉल्ट', म्हणजे मेमरीतल्या नको त्या जागेला हात लावल्याने प्रोग्राम बंद. तेही कधी यायचं, कधी नाही. याचाच मला जास्त त्रास व्हायचा.

एका रात्री आत्या म्हणाली, "मला समजावून सांग बघू, काय करतोयस ते." तिला प्रोग्रामिंगचा गंध नाही. मी चौकटीच्या वहीत प्रत्येक नोडची चौकट काढली, बाण जोडले आणि एकेक ओळ बोलत चित्र बदलत गेलो. नोड 'फ्री' केला, म्हणजे चौकट खोडली. पुढच्याच ओळीत मी त्या खोडलेल्या चौकटीला पुढचा पत्ता विचारत होतो! फ्री केलेल्या जागेत काय उरेल याची सी हमी देत नाही, म्हणून तो लपंडाव. पुढचा पत्ता आधी वेगळ्या पॉइंटरमध्ये (पत्ता साठवणाऱ्या चलात) ठेवला, मग फ्री केलं. प्रोग्राम सुरळीत चालला.

तेव्हापासून आधी चित्र, मग कोड. शिवाय प्रत्येक प्रोग्राम वॅलग्रिंड या मेमरीच्या चुका शोधणाऱ्या प्रोग्रामखाली चालवतो; मोकळ्या केलेल्या जागेतून वाचलं तर तो सांगतो. रिकामी लिस्ट, एकच नोड आणि शेवटचा नोड, हे तिन्ही तपासल्याशिवाय प्रोग्राम जमा करत नाही.

सत्राअखेर 70 पैकी 52 मिळाले. वही अजून आत्याच्या कपाटात आहे.