सॉफ्टवेअरचे बिल वहीत चढवताना या चुका टाळा

मार्चअखेरीस छोट्या व्यावसायिकांच्या वह्या तपासताना ‘संगणक खर्च’ या एकाच खात्यात प्रिंटरची शाई, दुरुस्तीची मजुरी आणि 50,000 रुपयांचे बिलिंग सॉफ्टवेअर शेजारीशेजारी नांदताना आढळते. कायमस्वरूपी परवान्याने घेतलेले सॉफ्टवेअर अनेक वर्षे वापरायचे असल्याने सर्वसाधारणपणे ते भांडवली खर्चात (म्हणजे मालमत्ता म्हणून) जाते आणि आर्थिक वर्ष 2025-26 च्या आयकर नियमांनुसार संगणकाच्या गटात त्यावर 40 टक्के घसारा (मालमत्तेच्या झिजेपोटी दरवर्षी मिळणारी वजावट) मिळतो. उलट वार्षिक वर्गणी हा महसुली, म्हणजे त्याच वर्षाचा, खर्च ठरतो. बिलावरील परवान्याची मुदत वाचली, तर निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

तारखेकडेही दुर्लक्ष होते. खरेदीच्या वर्षी वापर 180 दिवसांपेक्षा कमी झाल्यास घसाऱ्याचा दर निम्म्यावर येतो. फेब्रुवारी 28 दिवसांचा असेल, तर पूर्ण दर मिळण्यासाठी वापर सुरू करण्याची 3 ऑक्टोबर ही शेवटची तारीख. तेच सॉफ्टवेअर दसरा-दिवाळीच्या गडबडीत 10 ऑक्टोबरला सुरू केले, तर 20,000 ऐवजी 10,000 रुपयेच घसारा मिळेल. येथे बिलाची नव्हे, तर प्रत्यक्ष वापर सुरू झाल्याची तारीख धरतात. म्हणून ती बिलावरच लिहून ठेवावी.

सर्वांत महागात पडणारी चूक जीएसटीची असते. 50,000 अधिक 18 टक्क्यांप्रमाणे 9,000 असे 59,000 रुपयांचे बिल असताना काहीजण 9,000 रुपयांचे इनपुट टॅक्स क्रेडिटही (खरेदीवर दिलेल्या जीएसटीची वजावट) घेतात आणि घसाराही 59,000 रुपयांवर काढतात. ही दुहेरी सवलत कायद्याला मान्य नाही; क्रेडिट घ्यायचे असेल, तर मालमत्ता 50,000 रुपयांचीच दाखवावी. कंपोझिशनवाल्यांना (उलाढालीवर ठरावीक दराने जीएसटी भरणाऱ्या छोट्या व्यावसायिकांना) क्रेडिटच नसल्याने त्यांनी पूर्ण 59,000 रुपये धरणे योग्य.

परदेशी कंपनीला कार्डाने वर्गणी भरली आणि बिलावर कर दिसला नाही, म्हणून विषय संपत नाही. जीएसटीत नोंदणीकृत व्यावसायिकाला रिव्हर्स चार्जखाली (विक्रेत्याऐवजी खरेदीदाराने कर भरण्याची पद्धत) आयजीएसटी (आंतरराज्य व आयात व्यवहारांवरील जीएसटी) स्वतः भरावा लागतो, तोही रोख खातेवहीतून, म्हणजे क्रेडिट न वापरता, आणि पात्र असल्यास त्यानंतरच क्रेडिट घेता येते.

अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत (उलाढालीचा ठरावीक टक्का नफा मानून) विवरणपत्र भरणाऱ्यांनी सॉफ्टवेअरची वजावट वेगळी मागू नये. त्यांना घसारा मिळालाच असे मानले जाते आणि मालमत्तेचे मूल्यही दरवर्षी त्याप्रमाणे घटवावे लागते. नियमित हिशेबाकडे वळल्यावर मूळ किंमत पुन्हा दाखवता येत नाही.