स्क्वॅटला पावलं नेमकी कुठे ठेवायची?

"पाय खांद्याइतके फाकवा, बोटं सरळ पुढे." स्क्वॅट, म्हणजे खांद्यावर बार (वजनाचा लोखंडी दांडा) घेऊन खाली बसून उठायचं, शिकताना जिममध्ये पहिल्या दिवशी बहुतेकांना हेच सांगितलं जातं. पहिला भाग सुरुवातीपुरता ठीक आहे, दुसरा बऱ्याच जणांना मुळीच लागू पडत नाही. मांडीचं हाड खुब्याच्या ज्या वाटीत फिरतं, ती कुणाची खोल असते, कुणाची उथळ; कुणाची पुढे वळलेली, कुणाची बाजूला. त्यामुळे शेजारचा माणूस ज्या पावलांवर लोण्यासारखा खाली जातो, तिथेच तुमचं हाड वाटीच्या काठाला अडू शकतं. मी वर्षभर एका तगड्या मित्राच्या अक्षरशः पावलावर पाऊल ठेवून उभा राहायचो. डाव्या जांघेत चिमटा बसायचा, आणि मी आपला स्ट्रेचिंग वाढवत होतो. हाड हाडाला अडत असेल तर स्ट्रेचिंग काय करणार?

तेव्हा आधी बार बाजूला ठेवा आणि जमिनीवर या. रांगणाऱ्या बाळासारखे हात-गुडघे टेका, गुडघे जवळ ठेवा, पाठ सपाट. आता बूड हळूहळू टाचांकडे न्या. एका ठिकाणी कंबर गोल व्हायला लागेल. पुढे या, गुडघे चार बोटं फाकवा, पुन्हा मागे जा. असं चार-पाच वेळा करा. स्वतःला कळत नाही, म्हणून फोन बाजूला उभा करून व्हिडिओ घ्या. ज्या रुंदीला कंबर सगळ्यांत उशिरा गोल होते, ती तुमच्या खुब्याला मानवणारी रुंदी, निदान अंदाजापुरती.

आता त्याच अंदाजाने उभे राहा, बोटं १५ ते ३० अंश बाहेर वळवा, आणि ८-१० किलोचं डंबेल छातीशी धरून खाली बसा. मांड्या जमिनीला समांतर झाल्या की किंवा थोड्या खाली गेल्या की तिथेच दहा सेकंद थांबा. इथे घाई करू नका, खरा शोध तळाशीच लागतो. पावलं इंच-अर्धा इंच आत-बाहेर सरकवून बघा. गुडघा पावलाच्या दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या दिशेने जायला हवा. गुडघे बाहेर जायला बघतायत आणि बोटं पुढेच आहेत, तर गुडघ्यांना दटावू नका, बोटं वळवा. पावलं जितकी रुंद, तितकी बोटंही साधारणपणे जास्त वळतात.

पावलाचे तीन टेकू असतात: टाच, अंगठ्याचं मूळ, करंगळीचं मूळ. तिन्ही जमिनीला चिकटून राहायला हवेत. अंगठा उचलला जातोय म्हणजे गुडघे तुम्ही उगाच जोर लावून बाहेर ढकलताय. टाच उचलली जात असेल तर घोटा तपासा. भिंतीसमोर अंगठा भिंतीपासून १० सेंमीवर ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला लावा. लागत नसेल तर घोट्याचा व्यायाम करा, आणि तोवर टाचेखाली सेंटीमीटर-दोन सेंटीमीटरचा आधार घ्या. उंच टाचेचे लिफ्टिंगचे बूट त्यासाठीच असतात. पळण्याचे मऊ तळाचे बूट मात्र स्क्वॅटला नकोतच; गादीवर उभं राहून ओझं उचलल्यासारखं होतं.

मग बार. रिकामा, वजनाच्या चकत्या न लावलेला; मोठा असेल तर २० किलोचा. आधीच्या रुंदीवर पाच रेप्स (म्हणजे पाच वेळा बसून उठणं), ३-४ सेंमी आत पाच, तितकेच बाहेर पाच. एका वेळी एकच गोष्ट बदला, रुंदी किंवा बोटांचा कोन. दोन्ही एकदम बदलले तर फरक कशाने पडला ते कळत नाही. व्हिडिओ समोरून आणि बाजूने घ्या. समोरून बघा, वर येताना गुडघे आत पडतात का. बाजूने बघा, बार पावलाच्या मध्यावर, बुटाच्या लेसवर, सरळ रेषेत वर-खाली होतो का, आणि तळाशी कंबर गोल होते का. बार मानेखाली उंच ठेवणारे सहसा थोडे अरुंद उभे राहतात, खाली खांद्याच्या हाडांवर ठेवणारे रुंद. मांडी लांब असेल तर बहुधा थोडी रुंदी मदतीला येते.

एक पाऊल दुसऱ्यापेक्षा किंचित जास्त वळत असेल तर त्याने घाबरायचं कारण नाही, दोन्ही खुबे सारखे नसतात. पण एक पाऊल पुढे, एक मागे असं नको. त्याने बारखाली कंबर पिळवटते. कुठेही उभं राहिलं तरी जांघेत चिमटा बसतोच, असं असेल तर प्रयोग थांबवा आणि फिजिओथेरपिस्टला दाखवा.

जागा सापडली की टाचांमधलं अंतर टेपने मोजून वहीत लिहा, आणि पहिले काही आठवडे जमिनीवर खडूच्या खुणा करा. रॅकमधून, म्हणजे बार ठेवायच्या चौकटीतून, दोन-तीन पावलांत मागे येऊन थेट त्या खुणांवर उभं राहता आलं पाहिजे. बार खांद्यावर घेऊन पाय चाचपडण्यात जोर वाया जातो. माझं अंतर ४१ सेंमी आहे आणि डावं पाऊल जरा जास्त वळलेलं. मित्र ५५ वर उभा राहतो.