कारखान्याशेजारच्या गावाचा वायुगळती आराखडा कसा करावा

एमआयडीसीला खेटून असलेल्या गावांचे आपत्ती आराखडे बहुतेक एकाच साच्यातले असतात. वर ग्रामपंचायतीचा शिक्का, आत फोन नंबरांची यादी, त्यातले निम्मे बदली झालेल्या साहेबांचे, आणि शेवटी ‘नागरिकांनी घाबरून जाऊ नये’. रात्री दोन वाजता वास आला तर या कागदाचा काडीचाही उपयोग नाही. महाड, लोटे, रोहा-धाटाव अशा कोकणातल्या पट्ट्यांसाठी हे लिहितोय. इतरांनी आपल्या जागेप्रमाणे फरक करावा.

माणसं ठरवा. प्रत्येक वाडीतून दोघं, आणि दोघंही रात्री गावातच झोपणारे हवेत, तिसऱ्या पाळीला जाणारे नकोत. आशाताईंना घ्याच. कोण अंथरुणाला खिळलंय, कुणाला दमा आहे, कोण बाळंतीण आहे, हे त्यांना पाठ असतं.

मग आजूबाजूला काय साठवलंय ते लिहा. इथे सगळे मोठ्या कारखान्यांकडेच बोट दाखवतात. 1989 च्या घातक रसायनांच्या नियमांनुसार धोक्याची आणि खबरदारीची माहिती आसपासच्या लोकांना देणं कारखान्यावर बंधनकारक आहे, पण ते ठरावीक साठ्याच्या वर: क्लोरीन 10 टन, अमोनिया 60 टन. बर्फाचा कारखाना, मासळीचं शीतगृह, नळपाणी योजनेचं जलशुद्धीकरण केंद्र यांचा अमोनिया-क्लोरीनचा साठा बहुधा त्याखाली असतो, म्हणून ते कुठल्याच यादीत सापडत नाहीत. क्लोरीनच्या एका टनरमध्ये, म्हणजे मोठ्या सिलिंडरमध्ये, सुमारे 900 किलो वायू असतो. वाडीला तेवढा पुरे. जुलै 2010 मध्ये मुंबईत शिवडीला शंभरावर लोकांना त्रास झाला तो बंदराच्या आवारात पडून राहिलेल्या जुन्या सिलिंडरमधून, कारखान्यातून नव्हे.

महामार्ग जवळ असेल तर टँकरही धरा. टँकरवरच्या पाटीवर चार आकडी यूएन क्रमांक असतो, आत कुठलं रसायन आहे ते सांगणारा: 1005 अमोनिया, 1017 क्लोरीन, 1075 एलपीजी. लांबूनच वाचायचा आणि 112 ला सांगायचा. जवळ जाऊन व्हिडिओ काढणाऱ्याला समितीत घेऊ नका.

तालुक्याला एक चक्कर मारा. 1996 च्या रासायनिक अपघात नियमांनी औद्योगिक क्षेत्रासाठी स्थानिक संकट गट नेमलेला आहे. प्रांत अधिकारी अध्यक्ष, कारखाना निरीक्षक सचिव, आणि गावच्या सरपंचालाही त्यात जागा आहे. बैठक दरमहा व्हायला हवी. मागच्या बैठकीचं इतिवृत्त लेखी मागा. ‘बघू, कळवू’ हे उत्तर मिळालं की अर्ज देऊन पोच घ्या.

आता खरी अडचण. बाहेर पळायचं की घरात थांबायचं? माझी सगळ्यात जास्त डोकेफोड इथेच झाली, आणि सगळ्यात वाईट सल्लेही इथेच मिळतात.

पहिला वाईट सल्ला: ‘वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने पळा.’ वारा कारखान्याकडून येत असेल तर विरुद्ध दिशेला कारखानाच आहे! वाऱ्याला आडवं जायचं, डावीकडे किंवा उजवीकडे, वायूच्या ढगाच्या पट्ट्यातून बाहेर. यासाठी आराखड्यात एक नव्हे, दोन वाटा लागतात. किनाऱ्याजवळ दिवसा खारे वारे, रात्री मतलई वारे, म्हणजे दुपारची सुरक्षित वाट रात्री नेमकी ढगात नेऊ शकते. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा, त्याचा हिशेब वेगळा. देवळाच्या निशाणकाठीला पांढऱ्या कापडाची लांब पट्टी बांधा. बॅटरीच्या उजेडात दिसते. कारखान्याचा वातकुक्कुट, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारा, गावातून रात्री दिसत नाही.

दुसरा: ‘सखल भागात आडोसा घ्या.’ अजिबात नाही. क्लोरीन हवेच्या अडीचपट जड. अमोनिया हलका असला तरी टाकीतून द्रवरूपात सुटला की थंड धुक्यासारखा जमिनीलगत सरकतो. रात्री वारा पडलेला असताना ओहोळात, खलाटीत (सखल शेतात) साचून राहतो. भोपाळ 1984, विशाखापट्टणम 2020, दोन्ही वायुगळत्या रात्रीच्याच. विशाखापट्टणमला तर भोंगाही वाजला नव्हता.

तिसरा: ‘दारं-खिडक्या बंद करून घरात बसा.’ सल्ला बरोबर, पण तो फ्लॅटवाल्यांसाठी लिहिलेला. आमच्याकडे कौलारू घरं. भिंतीच्या आणि वाशांच्या मधून हात जाईल एवढी फट, वर कौलांतून उजेड दिसतो. अशा घरात दाराखाली ओलं फडकं लावून काय होणार? म्हणून वाडीत फिरा आणि स्लॅबची घरं हेरा. शक्यतो माडी असलेलं, मधल्या खोलीला कमी खिडक्या असलेलं, पाच मिनिटांत म्हाताऱ्यांनाही गाठता येईल असं. मालकाशी आधी बोला, आणि पाहुण्यारावळ्यांसमोर बोला, म्हणजे शब्द फिरत नाही. खोलीत ओले पंचे, पाण्याचे हंडे, बॅटरी. एक्झॉस्ट पंखा बंद आणि त्याचं भोक बुजवलेलं. शेजारघरी जायला कोण तयार नसतं, कुणाचं कुणाशी बोलणं बंद असतं; हे वाद उन्हाळ्यातच मिटवा.

यातून माझा नियम असा: विषारी वायूचा ढग आला असेल तर स्लॅबच्या घरात, माडीवर. ढग अजून यायचा असेल, वाट मोकळी असेल आणि गाड्या दारात असतील तरच बाहेर. एलपीजीसारखा पेट घेणारा वायू असेल तर मात्र घरात थांबणं नाही, दिव्याचं बटण दाबणं नाही, गाडी चालू करणं नाही. चालत लांब जायचं. स्फोट किंवा आग असेल तर खिडकीशी उभं राहून बघायचं नाही. डोंबिवलीत 2016 ला आणि 2024 ला लांबलांबच्या इमारतींच्या काचा फुटल्या.

आणि एक गोष्ट जवळजवळ प्रत्येक आराखड्यात राहून जाते: बाहेर कधी यायचं. ढग पुढे सरकला की आत शिरलेला वायू आतच अडकतो. तेव्हा दारं सताड उघडून बाहेर येणं तितकंच गरजेचं. ते कोण सांगणार, त्याचं नाव लिहा.

दवंडीची वाक्यं आजच ठरवून कागदावर उतरवा. ‘कंपनीत वायुगळती. स्लॅबच्या घरात माडीवर जा. दारं-खिडक्या, पंखे बंद.’ एवढंच, तीनदा. दुसरी दवंडी बाहेर पडण्याची, तिसरी धोका टळल्याची. देवळाचा कर्णा, मशिदीचा कर्णा, आणि वीज जाणारच असं धरून बॅटरीवरचा भोंगा. नुसत्या सायरनवर विसंबू नका. पाळीचा भोंगा ऐकून गावाचे कान मेलेले असतात.

साधा मास्क वायू अडवत नाही. ओलं फडकं क्लोरीन-अमोनियाला थोडा वेळ उपयोगी, प्रत्येक वायूला नव्हे. डोळे चुरचुरले तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा. दूध, गूळ, कांदा यांच्या नादी लागू नका. दावी सोडायला गोठ्याकडे कुणीही मागे फिरायचं नाही, हे ग्रामसभेत बोलून घ्या; भांडण होईल, होऊ द्या.

रंगीत तालीम सहा महिन्यांतून एकदा घेणं स्थानिक गटाचं काम आहे. ती सकाळी अकराला, पाहुण्यांसाठी मांडव घालून होते. एका तालमीत मी पाहिलं, ‘जखमी’ आधीच स्ट्रेचरवर आडवे होऊन वडापाव खात होते. गावाने आपली तालीम वेगळी करावी: अमावास्येच्या आसपास, रात्री, मेन स्विच पाडून. सगळ्यात लांबच्या घरातली आजी माडीवर पोचायला किती मिनिटं लागली ते घड्याळ लावून बघा. पाचाच्या वर गेली तर त्या घरासाठी दुसरी स्लॅब शोधा.