उरलेल्या लोकरीची शाल विणताना या चुका टाळा

उरलेल्या लोकरीची शाल बहुधा टाके घालण्याआधीच बिघडलेली असते, कारण पेटीतून हाताला लागतील ते गुंडे जाडी आणि प्रकार न पाहता घेतले जातात. टाके तेवढेच असले तरी जाड लोकरीचा पट्टा पसरतो, बारीक लोकरीचा आवळतो आणि कडा नागमोडी होतात. जाडी ताडण्यासाठी दोन धाग्यांची टोके एकमेकांत आकड्यासारखी अडकवून ओढावीत आणि सांध्यावरून बोट फिरवावे. एका बाजूला धागा एकदम बारीक लागला, तर त्याचे दोन पदर एकत्र घेऊन विणावे.

प्रकाराची चूक मात्र पहिल्या धुण्यापर्यंत लपून राहते. खरी लोकर गरम पाण्यात चोळली की आटते, ॲक्रिलिक तशी आटत नाही, त्यामुळे एकाच शालीतले काही पट्टे आखडतात आणि शेजारच्यांना चुण्या पडतात. वेष्टन हरवले असेल, तर छोटा तुकडा चिमट्यात धरून जाळून पाहावा: खऱ्या लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि राख चुरगळते, ॲक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो. दोन्ही प्रकार एकत्र न विणणेच बरे. गडद लाल किंवा निळी लोकर पांढरीशेजारी घेण्याआधी तिचा धागा पांढऱ्या फडक्यात गुंडाळून कोमट पाण्यात भिजवावा, म्हणजे रंग जातो का ते कळते.

नागपूरच्या सीताबर्डी किंवा इतवारी बाजारात सुया घेताना क्रमांकाने गोंधळू नये. जुन्या ब्रिटिश पद्धतीत क्रमांक वाढतो तशी सुई बारीक होते. ८ क्रमांकाची सुई ४ मिलिमीटरची असते, तर ६ क्रमांकाची ५ मिलिमीटरची. नागपुरात हिवाळ्याच्या रात्री गारठा असला, तरी दुपारी ऊन चटकते, म्हणून अंगावर सैल पडणारी वीण इथे अधिक उपयोगी, आणि मध्यम जाडीच्या लोकरीला ५ मिलिमीटरची सुई मला योग्य वाटते.

लोकर मध्येच संपण्याची धास्ती असेल, तर आयताचा हट्ट सोडून त्रिकोणी शाल विणावी. ३ टाक्यांनी सुरुवात करून सर्व ओळी सुलट विणाव्यात आणि प्रत्येक ओळीच्या पहिल्या टाक्यात पुढून व मागून विणून १ टाका वाढवावा. लोकर संपत येईल तिथे थांबता येते आणि सुलट विणीमुळे कडा वळतही नाहीत. फक्त टाके बंद करण्यासाठी शेवटच्या ओळीच्या लांबीच्या चौपट धागा राखून ठेवावा, म्हणजे दीड मीटरच्या कडेला ६ मीटर.

रंग बदलताना ओळीच्या मध्ये गाठ मारू नये, कारण ती पाठीला टोचते आणि पुढेमागे सुटते. नवा धागा कडेलाच जोडावा, दोन्ही टोके १५ सेंटिमीटर ठेवावीत आणि बोथट सुईने आधी एका दिशेने, मग उलट दिशेने टाक्यांत ओवावीत.

टाके बंद केल्यावर लांब कड आवळून शाल धनुष्यासारखी वाकली, तर शाल उसवण्याची गरज नाही. तेवढीच ओळ सोडवून एक-दोन माप जाड सुईने पुन्हा सैल बंद करावी. ॲक्रिलिकच्या शालीवर गरम इस्त्री ठेवू नये, वीण कायमची लुळी पडते. शाल ओली असतानाच टॉवेलवर सपाट पसरून कडा हाताने सरळ कराव्यात आणि सावलीत वाळू द्यावी.